आधी भात वाढा

आज सकाळी गंगापूर रोडला, औषधाच्या दुकानापुढे खेकडेवाली बसली होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पुढ्यात ओली टोपली, आणि टोपलीत गवताच्या काड्यांनी नांग्या बांधलेले काळे-तांबूस खेकडे. फिरून परतणारी मंडळी नाकाला रुमाल लावून लांबून चालली होती. मी मात्र गुडघे कुरकुरत असताना तिच्यापुढे उकिडवी बसले.

"कुठली गं तू?"

"सुरगाण्याकडली."

"आवणी झाली का?"

तशी तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. गंगापूर रोडच्या चष्मेवाल्या म्हातारीला भाताची रोपं चिखलात लावायच्या कामाला आवणी म्हणतात हे माहीत असावं, असं तिला वाटलं नसणार. "चालू हाय ना बाई," ती म्हणाली. "तुमाला कसं ठावं?"

आता हिला काय सांगायचं! तेवढं सांगायला एक अख्खा आषाढ सांगावा लागला असता, आणि तिच्या टोपलीवर दुसरं गिऱ्हाईक वाकलं होतं. मी सहा खेकडे घेतले आणि घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत राहिले. पिशवीतून एक नांगी सारखी बाहेर येत होती. तिच्याशी पण बोलले असेन, देव जाणे.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी कॉलेजात होते, इंग्रजी विषय घेतला होता आणि ते सगळ्या वसाहतीला ठाऊक राहील याची काळजीही घेत होते. दादा, म्हणजे माझे वडील, कालवे आणि धरणांचं शिक्षण देणाऱ्या एका सरकारी केंद्रात कारकून होते. त्या पावसाळ्यात तिथं व्हिएतनामहून एक इंजिनिअर सहा महिन्यांच्या शिक्षणाला आला. तुआन त्याचं नाव. अंगानं शिडशिडीत, केस कपाळावर, आणि शर्टाचं वरचं बटण उकाड्यातही लावलेलं. दादांच्या टेबलावर काचेखाली बुद्धाचं छोटं चित्र होतं. ते दिसताच हा गडी हातातली फाईल बगलेत धरून हात जोडून उभा राहिला. दादा काय, विरघळलेच. त्याच रविवारी त्याला घरी घेऊन आले.

आमच्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली उदबत्तीचं घर. तुआननं दारात बूट काढले, तसबिरीपुढे जाऊन तीनदा वाकला, आणि मग आईकडे वळून तिलाही वाकला. आई पदर सावरत म्हणाली, "अगं बाई, हा तर आपलाच निघाला!" तोवर खिडकीत शेजारची सात-आठ डोकी जमली होती. आपल्या घरी परदेशातला पाहुणा! आईनं त्या दिवशी खिडकी मुद्दाम लावली नाही.

माझी आई देवळ्याकडची. कांद्याचा, बाजरीचा मुलूख. हात असा सढळ की तिच्याकडे आलेला माणूस उठताना भिंतीला हात टेकूनच उठायचा. तिनं सहा रविवार तुआनसाठी जीव ओतून रांधलं. पुरणपोळी झाली, काळ्या मसाल्याचं मटण झालं, शेवभाजी, ठेचा, श्रीखंड, साय घातलेला दाट चहा. तो पोळीचा इवलासा तुकडा तोडायचा, डोळ्यांतलं पाणी टिपायचा आणि "गुड, गुड" म्हणायचा. त्याचं ताट मात्र उचलताना जड लागायचं. भात असायचा, नाही असं नाही. पण तो अगदी शेवटी, मुठीएवढा, ताट पुरं दिसावं म्हणून. कारण आमचा तांदूळ रेशनचा. जाडाभरडा, खडे निघायचे, शिजताना वास यायचा. असला भात पाहुण्यापुढे ठेवायचा म्हणजे आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाहुण्याचा मान गव्हाचा, असं तिचं पक्कं होतं.

आणि तुआन वाळत चालला. महिना-दीड महिन्यात त्याच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं दिसायला लागली. केंद्राच्या मेसमध्येही तीच गत. आई विचारायची, "भूक नाही का रे?" तो पोटावर हात ठेवून हसायचा. तो गेला की आई चिडायची. चिडली की तिच्या तोंडात माहेर यायचं. "भूक नई शे म्हणे!" असं म्हणत भांडी अशी आदळायची की वसाहतीला कळावं.

मग एका शुक्रवारी दादा घरी आले ते चपला न काढताच बसले. तुआननं अर्ज लिहिला होता. प्रकृती ठीक नाही, इथलं अन्न मानवत नाही, तरी शिक्षण अर्धवट सोडून मायदेशी परत जाऊ द्यावं. सोमवारी तो साहेबांकडे जाणार होता. दादांनी त्याला दोन दिवस थांब म्हणून विनवलं होतं एवढंच. त्याच्या जिल्ह्यातून तो पहिलाच पाठवलेला माणूस. शिक्षण पुरं झालं तर गावाकडच्या कालव्याचं काम त्याच्या हाती येणार होतं; अर्धवट परतला तर पुन्हा कोण पाठवतोय त्याला?

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अन्न मानवत नाही, असं लिहिलंय?"

"हो."

"म्हणजे माझं अन्न."

दादा म्हणाले, "अगं, मेसचंही आहे त्यात." पण आईनं ऐकलंच नाही. त्या संध्याकाळी तिनं खिडकी लावून घेतली. मला तिची इतकी दया कधीच आली नव्हती, आणि सांगते, त्या व्हिएतनामवाल्याचा इतका रागही आला नव्हता.

लहानूकाका धावून आले नसते तर ही गोष्ट तिथंच संपली असती. ते केंद्रातले शिपाई, सुरगाण्याच्या अलीकडचे. दादांना म्हणाले, "साहेब, उद्या दुसरा शनिवार, सुट्टी हाय. त्याला आमचे गावाला न्या. रानातली हवा लागंल, जाण्याआधी गाव तरी बघंल." दादांना पटलं. आईनं रात्रीच डाळ भिजत टाकली. सकाळी सहाच्या एसटीत ती बसली तेव्हा तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा होता. हार मानणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि माझ्याही नाही.

दिंडोरीपर्यंत तुआन डोळे मिटून बसला होता. वणीच्या स्टँडवर गाडी थांबली, समोरचा गड ढगात पुरता बुडालेला. दादांनी त्याला भजी आणून दिली, त्यानं एक खाल्लं. वणी सुटली, रस्ता वळणं घेत डोंगरात शिरला, आणि खिडक्यांतून ओल्या मातीचा वास आत आला. एका वळणावर उतारावरची खाचरं दिसली. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेली, काठोकाठ पाण्यानं भरलेली, मधूनच पोपटी रोपांचा चौकोन. तुआन उभाच राहिला. दांडा धरून, खाली वाकून, खिडकीला नाक लावून. कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं, बसा खाली!" तो बसेना. माझ्याकडे वळून त्यानं एकच शब्द उच्चारला, "राईस." आणि मग पुढचा अर्धा तास बोलला, अर्धं इंग्रजीत, अर्धं त्याच्या भाषेत. मला त्यातलं निम्मंच कळलं. एवढं कळलं की त्याच्या आजीच्या घरापुढे असंच पाणी होतं.

मागे एकदा कुणीतरी मला विचारलं होतं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात विजयाचा क्षण कुठला? मी म्हणाले, एका खाचराच्या बांधावर उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडले तो. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण ऐका तर.

गावात पोचलो तर घराला नुसती कडी. सगळी माणसं शेतावर. पाऊस बारीक लागलेला, दहा-बारा बायका-पुरुष पाठीवर पानांची इरली घेऊन चिखलात वाकलेले आणि एका ओळीत मागे-मागे सरकत रोपं लावत चाललेले. सगळ्यांच्या पुढे चांगुणाबाई, लहानूकाकांची चुलती. साठीची असेल, सुपारीएवढी बाई, पण हात असा चालायचा की बघणाऱ्याची नजर थकावी. तिच्या पुढे तीस वर्षांत कुणी गेलं नव्हतं, असं काका कौतुकानं सांगत होते. सखूकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, बांधावर घोंगडी टाकली. "साहेब, हितं बसा. पाय माखतील."

तुआन बसला नाही. त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटात नीट कोंबले, पॅंट मांडीपर्यंत दुमडली, मनगटातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि चिखलात उतरला. रांगेत हशा पिकला. "आता पडतंय बघ!" दादा तर घाबरेघुबरे झाले. "अहो, सरकारी पाहुणा आहे तो! बेबी, सांग त्याला!" मी काय सांगणार? त्यानं रोपांची एक मूठ उचलली, डाव्या कोपरावर टेकवली, चांगुणाबाईच्या शेजारची पात, म्हणजे लावायची ओळ, धरली आणि वाकला.

टुप, टुप, टुप. तीन बोटांत रोप, अंगठ्यानं चिखलात, आणि हात वर. अंगठा रोवायचा तो दिसायचाही नाही. पाय पाण्यात असे सरकायचे की पाणी हलायचं नाही. हसणारे हळूहळू गप्प झाले. चांगुणाबाईनं एकदाच तिरक्या नजरेनं पाहिलं आणि वेग वाढवला. त्यानंही वाढवला. मग काय विचारता! रांगेतली माणसं कंबर सरळ करून बघायला लागली. एक जण ओरडला, "म्हातारे, गेलं तुझं राज!" दुसरा म्हणाला, "जा रं, चांगुणा हाय ती!" आणि तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी किंचाळलं. बघते तर आई! शुक्रवारपासून तोंड मिटून बसलेली माझी आई डबा काखेत मारून बांधावर नाचत होती. "चल रे तुआन! सोडू नको! हाण!" मग मीही सुरू झाले. दादा आधी "अगं, अगं" म्हणाले आणि नंतर आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

तो बांधाला पोचला तेव्हा चांगुणाबाईची दोन हात पात उरली होती. पण तो थांबला नाही. वळला आणि तिच्या उरलेल्या पातीत टोकाकडून रोपं लावायला लागला. म्हातारी भडकली. "ए! माजी पात सोड! माजी मी लावीन!" त्याला शब्द कळले नाहीत, आवाज कळला. दोन पावलं मागे होऊन तो हात जोडून उभा राहिला. तिनं आपली पात पुरी केली, मग सरळ त्याच्या पातीत गेली आणि त्यानं लावलेलं एक रोप शेंडा धरून ओढलं. आलं नाही. दुसरं ओढलं. तेही आलं नाही. सगळं खाचर श्वास रोखून उभं. म्हातारीनं आपल्या पाठीवरचं इरलं काढलं, त्याच्या पाठीवर ठेवलं आणि म्हणाली, "ह्याचा हात चिखलानं वळखला. ह्यो आमचा हाय."

मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. आमच्या कारकुनाच्या घरात कालव्यांचा इंजिनिअर म्हणून आलेला हा माणूस शेतकऱ्याचा पोर होता, आणि सहा रविवारांत आम्ही एकदाही त्याला ते विचारलं नव्हतं.

दुपारी घरी आलो. चुलीशी सखूकाकू आईच्या कानाला लागल्या. "बाई, पाव्हण्यापुढं ठेवायसारखं आमचेकडं काय नाय. निस्ता भात नि खेकडं. लाज वाटती." आईचा चेहरा उजळला. "काळजी करू नका, मी आणलंय ना!" तिनं डबा उघडला आणि तुआनच्या पत्रावळीवर पहिली पुरणपोळी वाढली. तो पुरणपोळीकडे बघून हसला, तेच ते रविवारचं हसू. मला पुढचं सगळं दिसलं. तेवढ्यात सखूकाकूंनी मडकं कलतं केलं आणि तांबड्या भाताचा वाफाळता ढीग त्याच्यापुढे ओतला. त्यावर खेकड्याचा रस्सा, पाय वाटून काढलेल्या रसाचा, लसूण-मिरचीचा. बाजूला बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. तुआननं भाताकडे बघितलं, भाजीकडे बघितलं, एक फोड उचलून तोंडात टाकली, आणि तो रडायलाच लागला. मोठा बाप्या माणूस, गालावरून घळाघळा.

मग तो जेवला. काय जेवला! दातांनी नांग्या फोडून, बोटं चोखून, भाताचं शीतन् शीत निपटून. दुसऱ्यांदा भात, तिसऱ्यांदा भात. चौथ्यांदा सखूकाकूंनी विचारलंच नाही, नुसतं वाढलं. लहानूकाकांनी मोहाची काढली. पिण्याआधी त्यांनी जमिनीवर चार थेंब सांडले, गेलेल्यांसाठी. तुआननंही कुणी न सांगता बोट बुडवून चार थेंब सांडले. त्याचा बाप लढाईत गेला होता, ते तेव्हा कळलं. दादांनी मात्र हात जोडले. "आपलं पंचशील आहे बुवा." आणि मग तुआनकडे बघत जरा विचारात पडून म्हणाले, "ज्याचं शील त्याच्यापाशी. पी बाबा."

पुरणपोळी पत्रावळीच्या कडेला तशीच होती. आईनं ती बघितली. तिचं तोंड एवढंसं झालं. इतका वेळ बांधावर नाचलेली बाई, पण दुसऱ्या बाईच्या हातचं तो चार वेळा घेतो आणि आपलं शिवतही नाही, हे गिळायचं कसं? शेवटी तिनं मला ढोसलं. "विचार त्याला. माझ्याकडं का नाही जेवला? खरं सांग म्हणावं. मला राग नाही येणार." राग तिच्या नाकावर बसलेला दिसत होता.

मी विचारलं. तुआननं बोटं चाटून पुसली. मग हळूहळू बोलला. त्याच्या देशातही रेशन होतं. कार्ड, रांग, मोजून मिळणारा तांदूळ. दुसऱ्या रविवारी तो आमच्याकडे येत होता तेव्हा त्यानं आईला रेशनच्या रांगेत उभं पाहिलं होतं, हातात कार्ड आणि पिशवी घेऊन. घरात बघितलं तर भात शेवटी, मूठभर. त्याला वाटलं, या घरात तांदूळ कमी आहे. घरच्यांच्या वाट्याचा भात पाहुण्यानं मागायचा नसतो, हे त्याच्या आजीनं शिकवलेलं. पोळीनं पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. म्हणून तो "गुड" म्हणायचा आणि उठायचा.

मी ते मराठीत सांगितलं. चूल फुटफुटत होती, पागोळ्या गळत होत्या. तिनं लाजेनं लपवला तो भात, आणि त्यानं भिडेनं मागितला नाही तो भात. एकाच भाताच्या दोन बाजूंना दोघं दीड महिना उपाशी बसले होते! आईनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या! पोतंभर होता की रे माझ्याकडं! वास येतो म्हणून वाढत नव्हते!" आणि ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मग पदर खोचून उठली, सखूकाकूंच्या हातातली पळी घेतली आणि तुआनच्या पत्रावळीवर पाचवा भात स्वतःच्या हातानं वाढला. त्यानं तो खाल्ला. पुरणपोळी चांगुणाबाईनं खाल्ली आणि आणखी दोन मागून घेतल्या.

रविवारी पावसानं उघडीप दिली आणि आम्ही सगळेच चिखलात उतरलो. मी लावलेली रोपं चांगुणाबाई मागून उपटून नीट लावत होती आणि मला माझ्या सात पिढ्यांवरून बोलत होती. माझ्या इंग्रजीचा तिथं काडीचा उपयोग नव्हता, आणि मी इतकी सुखात क्वचितच असेन. परतताना आमच्याबरोबर अर्धं पोतं तांबडा तांदूळ होता आणि एक टोपली, तिच्यात नांग्या बांधलेले खेकडे.

आता मी एकटी आहे. दादा गेले, आई गेली, सुरगाण्याचा रस्ता रुंद झाला म्हणतात. वरच्या मजल्यावर आसामची एक मुलगी भाड्यानं राहते, कॉलेजला आहे. परवा जिन्यात भेटली तर तिला पहिला प्रश्न मी आईचाच विचारला. आई त्या आषाढानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायची, जातपात नाही, नावगाव नाही, आधी तेवढंच: "तुमच्याकडं जेवल्यासारखं कशानं वाटतं?" मुलगी लाजली आणि म्हणाली, "राईस, आंटी." म्हणून तर सहा खेकडे.

तर तो सोमवार. तुआनचा अर्ज त्याच्या शर्टाच्या खिशात होता, चौघडी घातलेला. सकाळी दादांनी कचेरीत त्याच्याकडे पाहिलं, त्यानं दादांकडे पाहिलं, आणि दोघंही त्याविषयी बोलले नाहीत. साहेबांच्या केबिनवरून तो दोनदा गेला. संध्याकाळी रविवार नसतानाही तो आमच्या दारात उभा. आईनं खिडकी सताड उघडली होती. खेकडे शिजत होते, आणि शेजारच्या पातेल्यात रेशनचा, वासाचा, जाडाभरडा भात रटरटत होता. तांबडा तांदूळ होता ना घरात? होता. पण आई हट्टाला पेटली होती. "आज माझाच भात खाईल तो."

तुआन तसबिरीपुढे तीनदा वाकला, मांडी घालून बसला. आईनं आधी भात वाढला. ढीगभर. त्यानं खिशात हात घातला, चौघडी उलगडली, तो टाइप केलेला कागद ताटाशेजारी नीट पसरला, आणि खेकड्याचं पहिलं कवच फोडून त्यावर टाकलं. मग दुसरं. मग नांग्या. दादांचा घास हातातच राहिला.

जेवण झालं. तुआननं चार वेळा भात घेतला. मी बोटांवर मोजत होते आणि आईही. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं कवचांसकट कागदाचा बोळा केला, खिडकीशी गेली आणि बाहेर जमलेल्या शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "बेबे, हा कागद कामाचा होता का गं?"

"नाही आई," मी त्याहून मोठ्यानं म्हणाले. "टाक."